सिलेक्शन नाही झालं तर दुसऱ्या दिवशी सकाळी काय?

गोव्यातल्या साखळी गावच्या एका आईने विचारलंय. मुलगी सहावीत आहे, गोव्याबाहेरच्या दोन बोर्डिंग शाळांचे फॉर्म भरलेत, एकीची लेखी परीक्षा पुढच्या महिन्यात, आणि पोर धड जेवत नाही, रात्री उठून आईबाबांच्या खोलीत येते आणि विचारते "नाही झालं तर?". आम्ही सांगतो होणार गं तुझं, पाच मिनिटं बरी असते आणि परत तेच. तर मॅडम, असं काय सांगू म्हणजे ती शांत होईल?

दिवाळीच्या आसपास दर वर्षी हा प्रश्न कोणी ना कोणी माझ्याकडे काउन्सेलिंगला घेऊन येतंच. तर आधी एका मुलाचं सांगते, ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत. त्याला आपण बाबू म्हणूया, गोव्यात अर्ध्याअधिक मुलांना घरात बाबूच म्हणतात त्यामुळे कोणाला काही कळणार नाही.

बाबू फोंडा तालुक्यातला, चौथीपर्यंत गावच्या सरकारी मराठी शाळेत, पाचवीपासून इंग्लिश मिडियम, म्हणजे आपल्याकडे बहुतेकांचं होतं तसंच. पप्पांचं हार्डवेअरचं दुकान. पप्पांच्या डोक्यात देहरादूनची दून स्कूल बसली होती, १९३५ची शाळा, राजीव गांधी तिथले, आणि तिथे मुख्य प्रवेश सातवी-आठवीला म्हणजे वय पण बरोबर जुळत होतं. जोडीला अजून दोन निवासी शाळांचे फॉर्म. अशा जुन्या शाळांची फी आता वर्षाला दहा लाखांच्या पुढे जाते, स्कॉलरशिप असतात पण त्या बहुतेक घरचं उत्पन्न बघून, त्यामुळे घरात काजूची बाग विकायची का यावर रात्री जेवणानंतर हळू आवाजात बोलणं चालायचं. हळू आवाजात म्हणजे मुलाला सगळं ऐकू जाईल इतकंच.

माझ्याकडे तो आला पोटदुखीमुळे. रोज संध्याकाळी क्लासला निघायच्या वेळी "म्हजें पोट दुखता". सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं, सगळं नॉर्मल, मग डॉक्टरनी काउन्सेलिंगला पाठवलं. आई म्हणाली ढोंग करतो असं याच्या पप्पांना वाटतं. ढोंग नव्हतं हो. टेन्शनमध्ये पोट खरंच दुखतं, मोठ्या माणसाला छातीत धडधडतं आणि ह्या वयाच्या मुलाचं बहुतेक वेळा पोटच बोलतं.

पहिल्या दिवशी बाबू काहीच बोलला नाही. म्हटलं स्वतःबद्दल सांग काहीतरी, तर एकदम सरळ बसला आणि एका श्वासात इंग्लिशमधून सुरू, आय ॲम अ क्युरिअस लर्नर, आय एन्जॉय सॉल्व्हिंग रिअल वर्ल्ड प्रॉब्लेम्स. क्लासच्या सरांनी लिहून दिलेलं. (हे 'इंटरव्ह्यूची गॅरंटी' देणारे लोक मला अजिबात आवडत नाहीत, एकदा स्पष्ट बोलूनच टाकते.) ते संपलं आणि परत गप्प. पण हात चालू होते. उजव्या हाताची बोटं टेबलावर ठेका धरत होती आणि डावा तळवा टेबलाच्या कडेवर मिटत उघडत होता, जसं काही तिथे तोंड आहे आणि ते झाकायचं-सोडायचंय. मी विचारलं, घुमट (मडक्याच्या तोंडावर कातडं लावलेलं आपलं गोव्याचं वाद्य) वाजवतोस? झालं, मुलगा सुटला. गणेश चवथीला त्यांच्या वाड्यावर आरत्यांना तोच घुमट धरतो, चुलतभाऊ शामेळ वाजवतो, पूर्वी घुमटाला घोरपडीचं कातडं लावायचे आता तिला मारायला कायद्याने बंदी म्हणून बकऱ्याचं लावतात पण आजोबा म्हणतात आवाज तसा येत नाही, त्याला स्वतःला मात्र फरक कळत नाही पण आजोबांना सांगत नाही, आणि घुमट आता गोव्याचं हेरिटेज वाद्य झालंय हे मॅडम तुम्हाला माहीत आहे का. २०१९ला झालं, माहीत होतं मला, पण मी विचारलं खरंच काय?

दुसऱ्या वेळी मी मूळ प्रश्नावर आले, पण उलट बाजूने. म्हटलं तू रोज विचारतोस ना 'ना जाल्यार?' (नाही झालं तर?), तर तूच सांग, समज मेल आला आणि नाही झालं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या घरात काय होईल, उठल्यापासून सांग.

बाबूने विचार करायला एक सेकंद पण घेतला नाही, म्हणजे हे सगळं त्याने कितीतरी वेळा मनात बघून ठेवलेलं. पप्पा बोलणार नाहीत. आई देवासमोर बसून रडेल. पणजीच्या मामाचा फोन येईल आणि तो कोणी उचलणार नाही. क्लासचे पैसे गेले असं आजी सगळ्यांना सांगेल. आणि मग जे म्हणाला ते ऐकून मी पेन खाली ठेवलं, "आणि मला शाळाच नसेल". म्हणजे काय रे? तर कधीतरी अभ्यासावरून चिडून पप्पा बोलून गेले होते की ह्या शाळेत आता तुझं नाव परत घालणार नाही. पप्पा विसरले पण. बाबू मात्र कित्येक आठवडे हे धरून बसलेला की सिलेक्शन झालं तर देहरादून, नाही झालं तर कुठलीच शाळा नाही, घरी. आता सांगा, ह्या मुलाला "जातलें रे तुजें" म्हणून काय उपयोग? जितक्या जोरात तुम्ही होणार होणार म्हणता तितकं त्याला वाटतं की न होणं ही केवढी भयंकर गोष्ट असेल, नाहीतर एवढी समजूत कशाला घालतात.

इथे एक थांबून सांगते. घाबरलेलं मूल दिसलं की लगेच "त्याला जायचंच नाहीये, आईबाप ढकलतायत" असा निष्कर्ष काढणारे खूप भेटतात, आमच्या व्यवसायातही. कधी ते खरं असतं, म्हणून आईवडिलांना बाहेर बसवून मुलाला एकट्याला विचारायचंच. बाबूला मात्र जायचं होतं. फुटबॉलची मैदानं, डोंगर, मुलांनी भरलेली डॉर्मिटरी, त्याला सगळं हवं होतं, आणि हवं होतं म्हणूनच भीती होती.

मग आईपप्पांना बोलावलं आणि तेच विचारलं, नाही झालं तर दुसऱ्या दिवशी काय. पप्पा वैतागले, मॅडम परीक्षेच्या आधी असलं निगेटिव्ह कशाला. मी म्हटलं निगेटिव्ह तुमच्या घरात रोज रात्री चालूच आहे, फक्त तुमचा मुलगा ते एकटा करतो. 'नाव घालणार नाही' वालं सांगितलं तेव्हा मात्र पप्पा गप्प झाले, खूप वेळ.

पप्पांचा खरा अडथळा वेगळा होता. त्यांना मनापासून वाटत होतं की ही शाळा गेली तर पोराचं आयुष्य दुसऱ्या रुळावर जाणार. दुकानदार माणूस, भावनेचं बोलून पटणार नाही, म्हणून त्यांना अमेरिकेतला एक अभ्यास सांगितला. बोस्टन आणि न्यूयॉर्कमध्ये परीक्षा घेऊन प्रवेश देणाऱ्या नामांकित सरकारी शाळा आहेत, तिथे कटऑफच्या जेमतेम वर आलेली मुलं आणि जेमतेम खाली राहिलेली मुलं यांची पुढची प्रगती तपासली, २०१४मध्ये छापून आलंय, तिघा संशोधकांपैकी जोशुआ अँग्रिस्टना पुढे २०२१ला अर्थशास्त्राचं नोबेल पण मिळालं (वेगळ्या कामासाठी). तर पुढच्या परीक्षांच्या मार्कांत फरक जवळजवळ नाहीच. त्या काही बोर्डिंग शाळा नव्हेत, आणि चांगल्या बोर्डिंगमध्ये मार्कांपलीकडचं बरंच मिळतं हे मी पण मानते, ओळखी मिळतात, मुलं स्वतःचं स्वतः करायला शिकतात. पण दारात अडकलेलं मूल बुडालं असं होत नाही एवढं पप्पांच्या हिशेबात बसलं. "म्हणजे माल तोच, शोरूम वेगळी", ते म्हणाले. अगदी तसंच नाही पण चालेल म्हटलं.

मग आम्ही चौघांनी बसून एका कागदावर ती सकाळ लिहिली. मेल पप्पा उघडणार, बाबू नाही. काहीही आलं तरी बाबूला संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर सांगणार, दोघं मिळून. नाही आलं तर पप्पा त्या रात्री त्याच्याशी बोलणार, अभ्यासावर नाही, दुसरं काहीही. मामाला फोन आई करणार. आत्ताच्या शाळेत सातवीचं नाव आहेच, हे पप्पांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं. बागेचा विषय मुलासमोर बंद. आजीने कागद वाचायला मागितला आणि म्हणाली माझं काय काम ते लिहिलंच नाही, मग तिला 'कोणालाही काहीही न सांगणे' हे काम दिलं, ते तिला सगळ्यात जड गेलं.

रात्रीच्या "ना जाल्यार?"साठी वेगळा नियम. संध्याकाळी चहानंतर पंधरा मिनिटं काळजीची वेळ, तेव्हा काय वाट्टेल ते विचार, आई ऐकेल. बाकी वेळी विचारलं तर उत्तर एकच, "कागदावर आहे ना, उरलेलं उद्या चहाला". आईला हे फार कठोर वाटलं, सुरुवातीला बाबूने दुप्पट विचारलं पण, असं होतंच, तिथे आईने टिकायचं असतं. हळूहळू प्रश्न कमी झाले, पोटदुखी अधूनमधून राहिली.

परीक्षेच्या सकाळी त्याने मनात येईल ते दहा मिनिटं वहीत लिहून काढलं, शिकागो विद्यापीठातल्या दोघांनी २०११मध्ये हे करून बघितलंय, घाबरणाऱ्या मुलांना फायदा झालेला. सगळ्यांना होतोच असं नाही पण नुकसान काही नाही. इंटरव्ह्यूसाठी पाठ केलेलं सोडून घुमटाबद्दल बोल म्हटलं, इंग्लिश अडलं तर अडू दे.

साखळीच्या ताई, तर तुमचं उत्तर एवढंच की मुलीला सांगायचं वाक्य शोधू नका, तिलाच ती दुसरी सकाळ विचारा, मध्ये न बोलता पूर्ण ऐका, आणि त्यात जे खोटं आहे ते दुरुस्त करून लिहून द्या. नवोदयची परीक्षा दिलेली असेल आणि तिथे हुकलं असेल तर ते पण तिच्या डोक्यात असणार, वाळपईच्या नवोदयमध्ये सहावीला ऐंशीच जागा असतात, हे तिला आकड्यात दाखवा. नातेवाईकांना "फॉर्म भरलाय, कळलं की सांगू" यापुढे काही नको. पण वजन उतरतंय, उलट्या होतायत, शाळेत जाणंच बंद झालं किंवा "मी नसलेलीच बरी" असलं काही तोंडातून आलं, तर वाट बघू नका, बांबोळीच्या मनोविकार इस्पितळात दाखवा, आणि रात्रीबेरात्री बोलायला १४४१६ हा टेलिमानस ह्या सरकारी हेल्पलाइनचा फोन फुकट आहे.

बाबूचं म्हणाल तर दोन ठिकाणी नाही आणि एका ठिकाणी वेटिंग लिस्ट. वेटिंगचं कागदावर कोणीच लिहिलं नव्हतं, आणि ते नाहीपेक्षा वाईट, रोज आशा. परत बसलो. आपल्याकडे आता नवीन वर्ष एप्रिलातच सुरू होतं, तर इथली शाळा सुरू होईपर्यंत वाट बघायची, त्यानंतर फोन आला तरी जायचं की नाही हे बाबूने ठरवायचं असं लिहिलं. फोन आला नाही. त्या रात्री पप्पा त्याच्याशी काय बोलले ते मी विचारलं नाही, दोघं फोंड्याला ऑम्लेट पाव खायला गेले होते एवढं कळलं.

आता आठवीसाठी परत फॉर्म भरायचाय, बाबू पण तयार आहे. पप्पा म्हणतात क्लास जुलैपासून, बाबू म्हणतो चवथ झाल्याशिवाय नाही, आणि परवा आईचा फोन आला तेव्हा अजून ठरलेलं नव्हतं.