पोत आपल्या वावरातून घे

भाऊ, पऱ्हाटीत उभ्या आजीचा तुझा फोटो फार बोलका आहे. पण त्यावर चढवलेला परदेशी विटांचा तयार पोत (टेक्स्चर, म्हणजे पृष्ठभागाचा फोटो) तिथला वाटत नाही. आपल्याकडे काय कमी आहे? उन्हाळ्यात भेगाळलेली काळी माती, शेणानं सारवलेली भिंत, गंजलेला टिना, बंडीचं जुनं लाकूड. मोबाईल समोरासमोर, सरळ धरून टिप. भेगा उठून दिसायला हव्या असतील तर सकाळच्या तिरप्या उन्हात, एकसारखा पोत हवा तर सावलीत.

पोताचा लेअर, म्हणजे थर, फोटोवर चढवण्याआधी पोत कृष्णधवल कर, नाहीतर मातीचा रंग आजीच्या लुगड्यात उतरतो. मग थर फोटोत कसा मिसळायचा ते ब्लेंड मोडमधून निवड. मल्टिप्लाय मोडमध्ये पोतातलं पांढरं नाहीसं होतं आणि फोटो गडद होतो. स्क्रीनमध्ये काळं जातं आणि फोटो उजळतो. माणसांच्या फोटोला मी सॉफ्ट लाइटच घेतो, तो ओव्हरलेपेक्षा सौम्य पडतो. ओपॅसिटी, म्हणजे थराचा ठळकपणा, २० ते ३० टक्क्यांपासून सुरू कर.

आता सगळ्यात महत्त्वाचं, चेहरा. लेअर मास्क (थराचा नको तो भाग लपवणारा पडदा) लावून चेहऱ्यावरून आणि हातांवरून मऊ काळ्या ब्रशनं पोत पुसून टाक. आजीच्या सुरकुत्यांवर मातीच्या भेगा आल्या की दोन्ही वाचता येत नाहीत, आणि नजर आधी तिच्या डोळ्यांकडेच जायला हवी. आभाळात मात्र पोत राहू दे, तिथं तो खुलतो.

यासाठी संगणकावर गिंप हे फोटो-संपादनाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. मोबाईलवर स्नॅपसीड अ‍ॅपमधलं डबल एक्स्पोजर, म्हणजे एका फोटोवर दुसरा चढवायची सोय, वापरून बघ.