भोपळा मध्येच का येतो?

मागच्या अंकात ‘ब्लॅक जॅक’ या जपानी चित्रकथामालेबद्दल दोन पानं लिहिली होती. ज्यांचा तो अंक हुकला त्यांच्यासाठी सांगतो. ब्लॅक जॅक म्हणजे चेहऱ्यावर टाक्यांचा व्रण असलेला, परवाना नसलेला आणि डोळे पांढरे होतील इतकी फी मागणारा शस्त्रक्रियेचा जादूगार. त्याला जन्म देणारा चित्रकार ओसामु तेझुका. मला वाटलं होतं, अमळनेरच्या एका निवृत्त चित्रकला मास्तराचं हे खूळ कोण वाचणार! पण टपालानं आणि मोबाइलवर मिळून प्रश्नांचा ढीग आला. जमतील तेवढे घेतो.

चोपड्याहून बारावीतली एक वाचक लिहिते : सर, ब्लॅक जॅक वाचताना रडायला येतं, आणि नेमकं तेव्हाच कुठून तरी ठिगळं लावलेलं, डुकराच्या नाकाचं काहीतरी टपकतं. तिकडे पेशंट जगतो की मरतो अशी वेळ, आणि हे मध्येच! मैत्रीण म्हणते छपाईची चूक असेल. मला तर रागच येतो. एवढा मोठा चित्रकार असं का करतो?

छपाईची चूक नाही ग पोरी. त्याचं नाव ह्योतान-त्सुगी. ह्योतान म्हणजे आपला तुंबडीचा भोपळा, त्सुगी म्हणजे ठिगळ. ठिगळाचा भोपळा. तो तेझुकाच्या डोक्यातूनही निघालेला नाही. लहानपणी त्याच्या धाकट्या बहिणीनं काढलेलं ते चित्र. भावानं ते उचललं आणि पुढे जन्मभर, जिथं जागा दिसेल तिथं, सोडून दिलं.

तुझा राग मला समजतो, कारण मलाही आला होता. पुण्याला नोकरी करणाऱ्या भाच्यानं एका दिवाळीत पहिलं पुस्तक आणून दिलं. शब्दकोश शेजारी ठेवून वाचत होतो. भोपळा आला तसं पुस्तक मिटलं आणि बायकोला म्हटलं, याला गांभीर्य म्हणून काही नाही. ती भाजी निवडत होती. म्हणाली, “तुमच्या त्या वगात सोंगाड्या येतो तेव्हा बरं हसता.”

मग बसलो विचार करत. आमच्याकडे वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा भरते, बोरी नदीच्या पात्रात. पोरवयात तिथं रात्र रात्र तमाशे पाहिलेत. वगात राणीला वनवासाला धाडलेलं असतं, बायाबापड्या पदर डोळ्याला लावून बसलेल्या असतात, आणि सोंगाड्या राजालाच विचारतो, “महाराज, राणी गेली, आता भाकरी कोण थापणार?” कनात हसून फुटायची. पण दोन मिनिटांनी राणी परत पुढे आली की रडू आधीपेक्षा जास्त यायचं. हसलेल्या माणसाचा गळा मोकळा झालेला असतो, दुसऱ्यांदा तो आवरत नाही.

तेझुकाचा अख्खा कारखानाच तमाशाच्या फडासारखा आहे. फडात कालचा राजा आज दरोडेखोर होतो, माणूस तोच. तेझुका त्याच्या पात्रांना नटच समजायचा. पांढऱ्या झुपकेदार मिशांचा टकलू म्हातारा हिगेओयाजी, म्हणजे ‘मिशीवाले बाबा’, एका कथेत गुप्तहेर, दुसरीत मास्तर, तिसरीत आणखी कोणी. असेटिलिन लॅम्प नावाचा एक खलनायक आहे. तो दचकला की त्याच्या डोक्यामागच्या खोबणीत मेणबत्ती पेटते! आपल्या जत्रेत पेढ्यांच्या दुकानावर कार्बाइडचे दिवे असायचे ना, त्या वायूचंच नाव त्याला दिलंय. तरुणपणी तर तेझुकानं वही करून कोणत्या नटाला किती पगार, तेही लिहून ठेवलं होतं. आणि फडाचा मालक स्वतः अधूनमधून स्टेजवर येतोच. डोक्याला बेरे टोपी, मोठं नाक, चष्मा. तो तेझुका.

अजून एक सांगतो, मग पुढे जाऊ. नोकरीत असताना दर हिवाळ्यात पोरांना अजिंठ्याला न्यायचो. फर्दापूरला उतरून पुढे. सतरा नंबरच्या लेण्यात विश्वंतर जातकाची भिंत आहे. राजपुत्र सगळं दान करतो, शेवटी स्वतःची मुलंसुद्धा. भिंतीवर चौकटी नाहीत, एकच राजपुत्र पुन्हा पुन्हा काढलेला. दरवर्षी एक तरी पोरगं विचारायचं, “सर, हा तोच का?” तोच. चित्रकथा वाचायला पोरं तिथंच शिकायची. आणि त्या हृदय पिळवटणाऱ्या गोष्टीत मुलं मागायला आलेला ब्राह्मण जूजक चितारलाय दात विचकलेला, हसू यावं असा. चितारणाऱ्याला काय दुःख कळत नव्हतं?

तरी काही पानांवर भोपळा मलाही नको वाटतो, हे कबूल. सोंगाड्यासुद्धा रोज रंगात नसतो.

पाचोऱ्याचे एक सेवानिवृत्त बँक कर्मचारी : तेझुका यांनी दीड लाख पानं काढली असं तुम्ही लिहिलंत. आयुष्य आकडेमोडीत गेल्यामुळे विचारतो, हे शक्य आहे का? की शून्य जास्त पडलं?

साहेब, शून्य बरोबर आहे. तुमच्यासाठी हिशेब मांडतो. १९४६ साली वर्तमानपत्रातली चार चौकटींची मालिका घेऊन तो छापला गेला, आणि ९ फेब्रुवारी १९८९ ला वारला. म्हणजे साधारण त्रेचाळीस वर्षं. दीड लाखाला त्या दिवसांनी भागा, रोजची साडेनऊ पानं येतात. रविवार, सण, आजारपण धरून. सातशेच्या आसपास कथा. जपानमध्ये त्याच्या समग्र साहित्याचे चारशे खंड निघालेत. ठेवायला माझ्या घरातली एक खोली लागेल.

एकट्याच्या हातानं सगळं झालेलं नाही. मदतनीस असायचे. चौकटींच्या रेघा मारणं, काळा भाग भरणं, मागची घरं-झाडं काढणं त्यांच्याकडे. पात्रं आणि कथेची मांडणी स्वतःकडे. एका वेळी चार-पाच नियतकालिकांचं काम चालायचं, म्हणून संपादक त्याच्या घरीच मुक्काम ठोकून बसायचे, पहिलं पान कोणाला मिळणार यावर त्यांच्यात जुंपायची. ऊस तोडून झाला की साखर कारखान्याच्या दाराशी गाड्यांची रांग लागते, तसं.

यातच भर म्हणजे १९६१ साली त्यानं स्वतःची कार्टून फिल्मची कंपनी काढली. १ जानेवारी १९६३ ला त्याचा यंत्रमुलगा ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ जपानी टीव्हीवर आला. दर आठवड्याला अर्ध्या तासाची फिल्म काढायची, तीही स्वस्तात. मग युक्त्या केल्या. चित्रं कमी, एकच हालचाल पुन्हा पुन्हा वापरायची, बोलताना फक्त तोंड हलवायचं. जपानी अ‍ॅनिमेशनमध्ये कामगारांना पैसे कमी मिळतात, त्याचं मूळ त्यानं तेव्हा लावलेल्या पडेल भावात आहे असं म्हणणारे आहेत, आणि मला त्यात तथ्य वाटतं. भक्त असलो तरी आंधळा नाही. १९७३ मध्ये कंपनी बुडाली. लोक म्हणाले, संपला. त्याच वर्षी एका साप्ताहिकानं, थोडे भाग देऊन सन्मानानं निरोप घे, अशा बेतानं जागा दिली. त्या जागेत त्यानं ब्लॅक जॅक सुरू केला. तो १९८३ पर्यंत चालला.

हिशेबात न बसणारी एक गोष्ट आहे, ती तुम्हाला सांगावीशी वाटते. १९८६ साली जपानी टीव्हीनं त्याच्या कामाच्या खोलीत कॅमेरा लावला होता. त्यात तो म्हणतो, कल्पना इतक्या आहेत की सेल लावून विकाव्यात. आणि मग म्हणतो, आता गोल काढता येत नाही पूर्वीसारखा, हात थरथरतो. तेव्हा त्याचं वय सत्तावन्न. त्याची सगळी पात्रं गोलांची बनलेली, डोकं गोल, गाल गोल, यंत्रमुलाचे डोळे गोल. मी तीस वर्षं फळ्यावर एका दमात वर्तुळ काढून पोरांच्या टाळ्या घेतल्या. आता चहाची बशीसुद्धा धड निघत नाही. ती फिल्म मी भाच्याच्या लॅपटॉपवर बघितली आणि त्या वाक्यापाशी दोनदा मागे नेऊन लावली.

पोटाच्या कॅन्सरनं गेला तेव्हा तीन मालिका अर्ध्या राहिल्या होत्या. त्यातली एक बीथोवनवर.

भुसावळहून एक वाचक भगिनी : जयभीम सर. तेझुका यांची ‘बुद्ध’ ही चित्रकथा भावानं घरी आणली. वडील म्हणतात, यात तथागतांच्या चरित्रात नसलेली माणसं घुसडली आहेत, हे घरात नको. तुमचं मत?

जयभीम ताई. वडिलांची हरकत खरी आहे. तत्ता, चप्रा, मिगैला ही माणसं तेझुकाची. कोणत्याही ग्रंथात सापडणार नाहीत. चरित्र म्हणून हे पुस्तक वाचूच नये, चरित्रासाठी वडिलांच्या कपाटात आहे ते पुरेसं आहे.

पण पहिला खंड कशाबद्दल आहे ते त्यांना सांगा. त्यात सिद्धार्थ जवळपास नाहीच, शेवटी शेवटी जन्मतो. अख्खा खंड चप्राचा आहे. चप्रा गुलामाचा पोर. कोसलच्या सेनापतीचा जीव वाचवतो, जात लपवून त्याचा मानलेला मुलगा होतो, वर चढतो. आणि आई समोर आल्यावर प्रश्न पडतो, आईला ओळख द्यायची की नाही. ओळख दिली तर सगळं गेलं. पुढे जे होतं ते मी सांगत नाही, पण ती पानं मी भुसावळ स्टेशनवर, गाडी दोन तास लेट असताना वाचली, आणि गाडी आली ते कळलं नाही. ज्या समाजात माणसाला आई लपवावी लागते तिथं बुद्ध का जन्मावा लागला, हे सांगायला तेझुकानं त्याच्या पदरची माणसं आणली. १९७२ ते १९८३ तो हे काढत होता. जपानीत चौदा खंड, इंग्रजीत आठ.

भोपळा तिथंही येतो, हे आधीच सांगून ठेवा. नाहीतर वडील मलाच पत्र लिहितील.

धुळ्याची एक आई : मुलगा दहावीत आहे. वह्यांच्या मागच्या पानांवर मोठ्या डोळ्यांच्या मुलींचीच चित्रं. तुमच्यासारखे लोक असं कौतुक करतात म्हणून मुलं बिघडतात. काय करू?

आधी राग कमी करा. ते मोठे डोळे कुठून आले ते त्याला विचारा, माहीत नसेल. तेझुका ज्या ताकाराझुका गावात वाढला तिथं बायकांची नाटक कंपनी आहे. पुरुषांची कामंसुद्धा बायकाच करतात. आपल्या बालगंधर्वांच्या अगदी उलट. आई त्याला तिथं न्यायची. रंगवलेले, दिव्यात चमकणारे ते डोळे आणि डिस्नेची चित्रं, यांतून त्याची पात्रं घडली.

आणि तो डॉक्टर होता, हे मुलाच्या बाबांना सांगा. ओसाकाला वैद्यकीय शिक्षण झालं, १९६१ मध्ये गोगलगायीच्या शुक्रपेशींवर संशोधन करून डॉक्टरेटसुद्धा मिळवली. शिकत असताना आईला विचारलं, डॉक्टर होऊ की चित्रं काढू? तिनं विचारलं, तुला काय आवडतं? चित्रं. मग तेच कर, म्हणाली. तुम्ही लगेच असं म्हणा असं मी म्हणणार नाही, मार्चला परीक्षा आहे. पण मागच्या पानांऐवजी एक चाळीस रुपयांची कोरी वही त्याला आणून द्या. गणिताच्या वहीला तरी श्वास घेता येईल. आणि त्याला सांगा, हात काढायला शीक. डोळे सगळेच काढतात.

नंदुरबारचे वाचक : ओसामु या नावाचा अर्थ काय?

घरी ठेवलेलं नाव ओसामु. पोराला किड्यांचं भयंकर वेड. जपानीत ओसामुशी नावाचा एक भुंगेरा असतो. म्हणून त्यानं सही करताना नावापुढे ‘किडा’ हे अक्षर जोडलं आणि वाचायचं मात्र ओसामुच ठेवलं. मी खिशात भुंगेरे घेऊन घरी आलो तेव्हा आई “हाई काय शे?” एवढंच म्हणाली, पुढचं बोलणं लाटण्यानं झालं.

शहाद्याचे वाचक : तुमचा लेख वाचून जपानी चित्रकथा मागवली. पुस्तक उलटं बांधलेलं निघालं. शेवटचं पान पुढे. दुकानदार बदलून देत नाही, उलट हसतो. काय करावं?

भाऊ, तो हसतोय ते बरोबर आहे. जपानी पुस्तक उजवीकडून उघडतं, चौकटीही उजवीकडून डावीकडे वाचायच्या. पूर्वी इंग्रजीत आणताना पानं आरशासारखी उलटी करून छापायचे, पण त्यात सगळे डावखुरे व्हायचे आणि किमोनोची डावी बाजू वर असायची ती उजवी व्हायची. उजवी बाजू वर घेऊन किमोनो जपानमध्ये प्रेताला नेसवतात. म्हणून आता बरेच प्रकाशक मूळ दिशाच ठेवतात. पुस्तक तुमच्याकडे सुखरूप आहे. दुकानदाराला एक चहा पाजा.