अँटेना आपोआप लांब-आखूड कशी होते?

प्रश्न: लिक्विड मेटलची अँटेना आपली लांबी बदलते असं ऐकलं. पण पारा विषारी असतो ना? आणि एवढा खटाटोप कशासाठी?

उत्तर: पारा नाही हो, यात गॅलियम आणि इंडियम या धातूंचं मिश्रण वापरतात, साधारण ७५ टक्के गॅलियम, ते १५-१६ अंशालाच वितळतं म्हणजे खोलीत ठेवलं तरी पातळच राहतं. आता अँटेना कुठली फ्रिक्वेन्सी पकडणार हे तिच्या लांबीवर ठरतं, साधी अँटेना पाव तरंगलांबीची (एका रेडिओलहरीच्या लांबीच्या चौथ्या हिश्श्याएवढी) लागते, म्हणजे १ गिगाहर्ट्झला ७.५ सेंमी, २ गिगाहर्ट्झला त्याच्या निम्मी, आणि तांब्याची पट्टी एकदा कापली की विषय संपला. इथं धातू बारीक नळीत पुढंमागं सरकतो. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीच्या टीमने हे पंपाशिवाय करून दाखवलं आणि मला तोच भाग सगळ्यात भारी वाटतो. धन व्होल्टेज दिलं की धातूवर ऑक्साइडची साय धरते, पृष्ठताण (थेंबाला गोळा करून धरणारी ओढ) कमी होतो आणि धातू नळीत शिरतो, ऋण दिलं की साय जाते अन् तो मागं येतो! अडचणी आहेतच, वाहकता तांब्यापेक्षा बरीच कमी, शिवाय गॅलियम लागलं की अ‍ॅल्युमिनियम ठिसूळ होतं, त्यामुळे प्रयोग करणार असाल तर अ‍ॅल्युमिनियमचं काहीही जवळ ठेवू नका.