सध्याच्या साध्या, आरामशीर सजावटीत फरशीचा रंग कोणता घ्यावा, गडद राखाडी की पांढरी?

दोन्ही नको. जो माणूस फरशी पुसणार आहे त्याला विचारा, रील बघणाऱ्याला नाही.

आम्ही पुण्यात धायरीला रिसेल फ्लॅट घेतला तेव्हा नणंदेचे यजमान मोबाईल घेऊन आले, त्यात कुठल्यातरी परदेशी घरात चारकोल म्हणजे गडद राखाडी फरशी, वर वेताची खुर्ची, पांढरे सुती पडदे, आणि घरात एक माणूस नाही. सगळे माना डोलवायला लागले. मी म्हटलं मला ठिपक्यांची बेज मॅट हवी, तर म्हणे "वहिनी, एस्टी स्टँड दिसेल हो." ते लागलं मला. दुसऱ्या दिवशी दुकानातून दोन्हीचा एकेक सँपल पीस उचलून आणला, बाल्कनीच्या दारात ठेवला, टँकरच्या पाण्याने पुसला आणि येताजाता त्यावरून सगळ्यांना चालायला लावलं. आमच्या बाजूला चार बांधकामं सुरू, उन्हाळ्यात टँकर, एरवी बोअर. संध्याकाळपर्यंत चारकोलवर क्षारांचे पांढरे ओघळ, पावलं, धूळ सगळं हजर, आणि बेजवर शोधूनही काही सापडेना. तरी भावजींचं एस्टी स्टँडच. शेवटी हॉल-किचन माझ्या मनासारखं आणि बेडरूममध्ये अहोंच्या हट्टापायी चारकोल. ती खोली आता अहोच पुसतात, तसा ठरावच झालाय आमच्यात.

पांढऱ्या ग्लॉसीचं उलटं, त्यावर एकेक केस दिसतो आणि ट्यूबलाइट डोळ्यात येते, आरामशीर वगैरे काही वाटत नाही, दवाखाना वाटतो. जुन्या वाड्यांत शहाबादी आणि नंतर कोटा उगाच नाही टिकली, एकसारखा रंग नसतो, मळ पोटात घालते.

तर बेज, फिकट लाकडी, किंवा राखाडीच हवी असेल तर त्यात थोडी पिवळसर झाक असलेली घ्या. दुकानातल्या लाइटखाली पसंत करू नका, एक पीस घरी आणून दिवसा खिडकीपाशी आणि रात्री तुमच्या दिव्याखाली बघा, पिवळ्या दिव्यात तीच बेज एकदम मातकट दिसू शकते. बॉक्सवरचा शेड नंबर आणि बॅच सगळीकडे एकच आहे का ते उतरवून घेतानाच बघा, नंतर बांधकामवाला म्हणतो चालतंय. पाच-दहा टक्के जास्त मागवा, उरलेले बॉक्स माळ्यावर ठेवा, पुढे एखादी फुटली तर तो शेड मिळत नाही. आणि फरशीवर एवढा खर्च करून सांध्यात पांढरं सिमेंट भरू नका, किचनमध्ये महिन्यात काळं होतं. त्याऐवजी इपॉक्सी ग्राउट घ्या, म्हणजे सांधे भरायचं, डाग सहसा न शोषणारं मिश्रण, फरशीपेक्षा किंचित गडद.

हां, खाली पहिल्या मजल्यावर असाल आणि समोर दुसऱ्या बिल्डिंगची भिंत असेल तर मात्र बेजपेक्षा फिकट आयव्हरीकडे जा, अंधार होईल नाहीतर. मॅट म्हणजे फार खरखरीतही नको, हळदीचा डाग धरून बसते, ती बाथरूमला ठीक. कॉर्पोरेशनचं पाणी येत असेल आणि आजूबाजूला बांधकाम नसेल तर गडदही जमेल कदाचित.

आणि तुमच्याकडेही कोणी भावजी असतील तर त्यांना पडद्यांचा रंग विचारा, पडदे काढता येतात.