दुबई, मालदीव, मलेशियाला निघालाय? तुमचे प्रश्न आणि माझी उत्तरं

सुट्ट्या जवळ आल्या की बेळगावातनं, खानापुरातनं, पार निपाणी-अथणीपर्यंतनं एकाच छापाचे प्रश्न यायला लागतात, ताई मुसलमान देशात फिरायला चाललोय, काय काय सांभाळायचं? मी ग्रुप घेऊन या देशांत जाते म्हणून लोक विचारतात, आणि विचारतात ते चांगलंच आहे. माझं पहिल्यापासून एकच सांगणं आहे, रीतभात आणि कायदा या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. रीतभातीची काळजी नको, आपल्या गल्लीत, शाळेत, खडेबाजारात आपण मुसलमान शेजाऱ्यांबरोबरच वाढलोय, आपल्या बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्ती हे जैन मंदिर आणि सफा मशीद एकाच तटाच्या आत उभ्या आहेत. आपली माणसं अडकतात ती कायद्यात, आणि तो प्रत्येक देशाचा वेगळा, त्यामुळं दुबईला जाऊन आलेल्या भाऊजींचा सल्ला मालदीवला चालेलच असं नाही.

प्रश्न (शहापूर): लेक-जावयाबरोबर दुबई-अबूधाबीला चाललोय. मी रोज साडीच नेसते, कुंकू-मंगळसूत्र असतंच. चालतं का तिथं, की ड्रेस शिवून घेऊ? आणि मशीद बघायला आपल्याला आत सोडतात का?

काकू, साडीच नेसा की! यूएईत, म्हणजे दुबई-अबूधाबी ज्यात येतात त्या संयुक्त अरब अमिरातीत, परदेशी लोकांमध्ये सगळ्यात जास्त भारतीयच आहेत, तिथं साडी बघून कुणी वळूनसुद्धा बघत नाही. कुंकू पुसायची, मंगळसूत्र आत घालायची काही गरज नाही. मॉलमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत एवढीच अपेक्षा असते, हे नातवंडांना पण सांगा, स्विमिंग कॉस्च्युम पूलवर आणि बीचवर ठीक आहे पण त्याच कपड्यांत दुकानात शिरायचं नाही.

मशिदीत सोडतात. अबूधाबीची शेख झायेद मशीद २००७ पासून खुली आहे, कुठल्याही धर्माच्या माणसाला जाता येतं, तिकीट नाही, फक्त आधी ऑनलाइन नाव नोंदवायचं. बायकांनी डोकं झाकायचं, हात मनगटापर्यंत आणि पाय घोट्यापर्यंत झाकलेले हवेत, त्यामुळं त्या एका दिवसासाठी मात्र सैलसर पूर्ण बाह्यांचा पंजाबी ड्रेस आणि मोठी ओढणी घेतली तर बरं पडेल. जावयांना हाफ पॅन्ट नको म्हणावं. फोटो काढा पण गळ्यात हात टाकून, मिठी मारून असले पोज तिथं चालत नाहीत, आणि शुक्रवारी दुपारी नमाजाची वेळ असते ती टाळून जा. दुबईतली जुमेरा मशीद पण बघा, शुक्रवार सोडून तिथं माहिती सांगत फिरवतात आणि मनातले प्रश्न मोकळेपणानं विचारता येतात, मला ती जास्त आवडते.

देवदर्शन करायचं असेल तर अबूधाबीत बीएपीएस या स्वामीनारायण संस्थेचं मोठं मंदिर आहे, १४ फेब्रुवारी २०२४ ला उद्घाटन झालं, सोमवारी बंद असतं. दुबईत जेबेल अलीला २०२२ मध्ये झालेलं मंदिर आहे.

प्रश्न (खानापूर): भाऊ दुबईला कामाला आहे. आई त्याच्यासाठी फराळ, मटणाचा मसाला, कुंदा असं सगळं बांधून देणार म्हणते. शिवाय आईच्या गुडघ्याच्या आणि झोपेच्या गोळ्या असतात. काही अडचण येईल का?

हा प्रश्न सगळ्यांनी नीट वाचा, कारण घोटाळा इथंच होतो. खसखस! यूएईत खसखस आणायला बंदी आहे, सौदीत पण. अफूच्या बोंडातलं बी म्हणून ती अमली पदार्थांच्या यादीत जाते, स्वयंपाकाला आणली होती म्हणून सुटका होत नाही. आता आपल्याकडं खसखस कशात नसते सांगा, अनारशाला वरनं लावतो, करंजीच्या सारणात घालतो, मटणाच्या वाटणात तर असतेच, मांड्याच्या पुरणात पण काही घरी घालतात. म्हणून अनारसे घरीच राहू देत, मसाला करायचाच तर खसखस न घालता वेगळा करा, आणि ज्या मिक्सरच्या भांड्यात, ज्या डब्यात कायम खसखस असते तो डबा तसाच बॅगेत टाकू नका. कुंदा न्या, चकली न्या, शेंगाचटणी न्या, काही अडत नाही. विड्याची पानं पण नकोत, पान आणि पानाचं सामान दुबई कस्टम्सच्या मनाई यादीत आहे.

आता गोळ्या. बीपी-शुगरच्या साध्या गोळ्यांचं तेवढं टेन्शन नाही, डॉक्टरची चिठ्ठी आणि मूळ पाकीट असलं की झालं. पण ट्रामाडॉल असलेली दुखण्याची गोळी, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, अल्प्राझोलामसारखी झोपेची-घाबरल्याची गोळी, प्रीगाबालिन, ही तिथं नियंत्रित औषधं आहेत, आणि आपल्याकडं ही इतक्या सर्रास लिहून दिली जातात की घरात कुणाला माहीतच नसतं आपण काय खातोय. पाकिटावरचं ब्रँडचं नाव बघू नका, खाली बारीक अक्षरात लिहिलेलं औषधाचं नाव वाचा, नाहीतर ओळखीच्या मेडिकलवाल्याकडनं वाचून घ्या. यातलं काही असेल तर यूएई सरकारच्या अधिकृत वेबसाइटवर निघायच्या आधी परवानगी घ्यावी लागते. डॉक्टरांना विचारा, प्रवासापुरती दुसरी गोळी देता येते का, बऱ्याचदा येते. मात्र स्वतःच्या मनानं गोळी बंद करू नका. आणि बिनलेबलच्या बाटलीतली चूर्णं, काढे तर आणूच नका, तपासणाऱ्याला त्यात काय आहे हे तुम्ही कसं पटवणार?

अजून एक, तुम्ही विचारलं नाही पण सांगते. तुम्ही दुबईला चाललाय हे गल्लीत कळलं की कुणीतरी एक पार्सल घेऊन येतंच, आमच्या पोराला एवढं द्या की म्हणून. नाही म्हणा. वाईट वाटलं तरी चालेल. २०१९ मध्ये मुंबईचं एक जोडपं कतारला फिरायला गेलं, नातेवाईकानं दिलेल्या पाकिटात चरस निघाली, १० वर्षांची शिक्षा लागली, निर्दोष सुटून घरी यायला २०२१ उजाडलं. रक्ताच्या नात्यातलं माणूस होतं ते. घ्यायचंच झालं तर समोर उघडून, एकेक वस्तू बघून, स्वतःच्या हातानं बांधून घ्या.

प्रश्न (निपाणी): आम्ही चार मित्र जाणार. शारजात हॉटेल स्वस्त मिळतंय, तिथं राहून दुबई फिरायचं. बिअर वगैरे मिळते का? आणि आमच्यातल्या दोघांना तंबाखूचा मावा लागतो.

शारजात दारू अजिबात नाही, हॉटेलात पण नाही, आणि दुबईत घेऊन शारजाच्या खोलीवर न्यायची असलं डोकं चालवू नका, तो पण गुन्हा आहे. कपड्यांचे नियम पण तिथं दुबईपेक्षा कडक आहेत. दुबईत २१ च्या वरच्या माणसाला लायसन असलेल्या हॉटेलात-बारमध्ये मिळते, तिथंच बसून प्यायची, रस्त्यावर, बीचवर नाही, आणि पिऊन रस्त्यावर दंगा केला की सरळ पोलिस. गाडी भाड्यानं घेणार असाल तर एक घोटसुद्धा नको, तिथं प्रमाण शून्य आहे.

माव्याचं म्हणाल तर हीच सुट्टी सोडायला बरी संधी आहे, मनापासून सांगते. मावा-गुटखा बॅगेत घेऊ नका, रस्त्यावर थुंकलं की दंड आहे. मेट्रोत खाणं-पिणं, च्युइंगमसुद्धा चघळणं १०० दिरहमचा दंड, बायकांच्या डब्यात चढलात तर तेवढाच परत. रस्ता कुठंही ओलांडायची आपली सवय पण तिथं ४०० दिरहमला पडते.

प्रश्न (चिकोडी): लग्न झालंय, हनिमूनला मालदीव ठरतंय. तो पण पूर्ण मुसलमान देश आहे म्हणतात, मग हात धरून फिरणं, स्विमिंग कॉस्च्युम हे कसं? सासूबाई छोटी गणपतीची मूर्ती बरोबर ने म्हणतायत.

आधी अभिनंदन गं! मालदीवमध्ये दोन जगं आहेत असं समज. रिसॉर्टचं बेट म्हणजे सगळं बेटच त्यांचं, तिथं तू काय घातलंस, काय प्यायलात, कुणी विचारत नाही. पण माफुशीसारख्या लोकवस्तीच्या बेटावर गेस्टहाऊस घेतलंत, ते स्वस्त असतं म्हणून आपले बरेच जण घेतात, तर तिथं दारू नाही आणि कॉस्च्युम फक्त ठरवून दिलेल्या बिकिनी बीचवर. बाकी गावातून फिरताना अंगभर साधे कपडे. हात धरलात तर काही नाही, त्यापुढचं खोलीत. शुक्रवारी सरकारी फेरी बंद असतात, तो दिवस प्रवासाला धरू नका.

मूर्ती मात्र नेऊ नको. पूजेच्या मूर्ती त्या देशात आणायलाच बंदी आहे, दारू आणि डुकराचं मांस जसं चालत नाही तसंच, आणि देवाची मूर्ती कस्टमच्या टेबलावर अडकून पडावी हे सासूबाईंना पण नको असेल. त्यांना असं नीट समजावून सांग, ऐकतील. नवऱ्याला व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, ओढायची सवय असेल तर तो पण घरी, नोव्हेंबर २०२४ पासून बंदी आहे. व्हिसा उतरल्यावर ३० दिवसांचा फुकट मिळतो, पण निघायच्या आधी ९६ तासांच्या आत इमुगा या मालदीवच्या सरकारी वेबसाइटवरचा ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो, तो पण फुकटच आहे, त्याचे पैसे मागणाऱ्या वेबसाइटवर जाऊ नका.

प्रश्न (अथणी): आम्ही जैन आहोत, दोघं रिटायर. फेब्रुवारी २०२७ मध्ये मलेशियाचं पॅकेज स्वस्त मिळतंय. रमजान आहे म्हणे तेव्हा. जावं का? जेवणाचे हाल होतील काय?

जावा की. २०२७ चा रमजान ८ फेब्रुवारीच्या आसपास सुरू होईल, चंद्रावर एखादा दिवस पुढंमागं. मलेशियात चिनी आणि तमिळ वस्ती भरपूर, त्यामुळं दिवसा पण खायला मिळतं, फक्त उपास धरलेल्या माणसासमोर रस्त्यात, बसमध्ये खात बसू नये. हे तुम्हाला मी काय सांगायचं, पर्युषणात उपास म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. काही ठिकाणं लवकर बंद होतात तेवढं आदल्या दिवशी विचारून ठेवा, आणि सूर्यास्ताच्या आधीचा तास टॅक्सीच्या भरवशावर राहू नका, सगळे घर गाठायच्या घाईत असतात. संध्याकाळी रमजानचा बाजार भरतो तो जरूर बघा, आपल्या खडेबाजारात रमजानच्या रात्री जशी गर्दी उसळते तसंच वातावरण असतं.

जेवणाचं नीट ऐका. तिथं नुसत्या पालेभाजीत पण बेलाचान घालतात, म्हणजे सुक्या कोळंबीची आंबवलेली पेस्ट, दिसत नाही आणि वाढणाऱ्याला ती मांसाहार वाटत नाही. हलाल लिहिलंय म्हणजे शाकाहारी नव्हे, हे पण लक्षात असू दे. म्हणून ‘व्हेज आहे का’ एवढंच विचारू नका, मासा नको, कोळंबी नको, अंडं नको, कांदा-लसूण नको असं एकेक नाव घेऊन सांगा, कागदावर इंग्रजीत लिहून नेलंत तर उत्तम. क्वालालंपूरमध्ये ब्रिकफील्ड्स भागात दक्षिणी शाकाहारी हॉटेलं आहेत, हॉटेल त्याच्या जवळ मागा. बरोबर दशम्या, खाकरा, मेतकूट असू द्या. क्वालालंपूरजवळ बाटू केव्ह्ज हे गुहेतलं मंदिर आहे, त्याला २७२ पायऱ्या आहेत, गुडघे बघून ठरवा, खालून मुरुगनची, म्हणजे कार्तिकेयाची, मूर्ती बघितली तरी डोळे भरतात. भारतीयांना व्हिसा माफ आहे ती सवलत सध्या ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत जाहीर आहे, तुमची तारीख त्यानंतरची, म्हणून पैसे भरायच्या आधी तेवढं तपासून घ्या. पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड भरायचं, मुलाकडनं भरून घ्या.

प्रश्न (अनगोळ): दुबईतनं सोनं किती आणता येतं? आणि मुलगा सारखा रील काढतो, तिथं चालतं का?

ड्युटी न भरता दागिने आणायची सवलत वर्षापेक्षा जास्त परदेशात राहून परत येणाऱ्यांना आहे, आठवडाभर फिरायला गेलेल्याला नाही. आणायचं तर बिल ठेवा आणि उतरल्यावर कस्टमच्या रेड चॅनलला, म्हणजे ड्युटीचा माल जाहीर करायच्या रांगेला, जाऊन स्वतः सांगा. दुबईतल्या देरा भागातल्या सोने बाजारात सोन्याचा दर ठरलेला असतो, घासाघीस मजुरीवर करायची, आणि ती करायचीच.

रील स्वतःचं, घरच्यांचं काढू दे. अनोळखी माणसं, विशेषतः बायका, त्यांच्या परवानगीशिवाय फ्रेममध्ये आल्या आणि ते टाकलं तर यूएईत तक्रार होऊ शकते, तिथला सायबर कायदा कडक आहे. पोलिस, सरकारी इमारती, अपघात यांच्यावर तर कॅमेरा नकोच. आणि व्हॉट्सॲपवर मेसेज जातात पण कॉल लागत नाहीत, तेव्हा घरच्या म्हाताऱ्या माणसांना निघतानाच सांगून ठेवा, नाहीतर इकडं ती उगीच जीवाला घोर लावून घेतात.