कलरीमीटरवर नवीन आहेस? आधी क्युव्हेट सांभाळ

कलरीमीटर द्रावणाने किती प्रकाश शोषला ते मोजतो. क्युव्हेट, म्हणजे द्रावण भरायची छोटी कुपी, खडबडीत बाजूनेच धर. पारदर्शक बाजूवर बोटाचा ठसा उमटला तरी रीडिंग वर जातं. फिल्टर द्रावणाच्या रंगाचा नाही, विरुद्ध रंगाचा लावायचा: फेनान्थ्रोलिनने (लोहाशी मिळून रंग देणारं रसायन) लोह तपासताना द्रावण नारिंगी-लाल होतं, म्हणून ५१० नॅनोमीटरच्या आसपासचा, निळसर हिरवा. आणि ब्लँक, म्हणजे यंत्र शून्यावर आणायचं द्रावण, नुसतं पाणी नव्हे. नमुना सोडून बाकी सगळं त्यात हवं. (इथे आळस करणारे भरपूर भेटतील.) अॅबसॉर्बन्स (शोषलेल्या प्रकाशाचं माप) साधारण ०.२ ते ०.८ मध्ये ठेव. जास्त आला तर तयार रंगात पाणी ओतू नकोस, मूळ नमुना विरल करून रंग पुन्हा आण.

कापड-रंगाच्या कामात डेल्टा ई, म्हणजे दोन रंगांतल्या फरकाचा आकडा, बघतात. आकडा चांगला, म्हणजे लहान, आला तरी नमुना डी६५ (दिवसाच्या उजेडासारखा प्रमाणित दिवा) आणि पिवळ्या दिव्याखाली, दोन्हीकडे ताडून बघ. मेटामेरिझम असेल तर एका उजेडात जुळलेली छटा दुसऱ्यात उघडी पडते.