दराची वही आणि दुकानाचा फलक

प्रश्न : म्हापशाला आमचं काजू, कोकम आणि सुक्या मिरचीचं घरचं दुकान आहे. पर्यटक घरी परतल्यावर फोनवर माल मागवतात, म्हणून वेबसाइट करायची आहे. एकाने स्टॅटिक साइट सुचवली, खर्च २५ हजार. दुसरा म्हणतो हेडलेसच घ्या, पावणेदोन लाख. काय करू?
– एक वाचक भगिनी, म्हापसा

उत्तर : ताई, सध्या स्टॅटिकच करा. वाचलेले पैसे मालाच्या चांगल्या फोटोंवर आणि पॅकिंगवर घाला.

स्टॅटिकमध्ये पानं आधीच तयार करून ठेवलेली असतात. गिऱ्हाइकाने साइट उघडली की तेच पान जसंच्या तसं जातं. मागे डेटाबेस चालत नसतो, त्यामुळे हॅक व्हायला जागा कमी आणि रेंज जेमतेम असली तरी पान लवकर उघडतं. हेडलेसमध्ये दराची वही (मजकूर आणि दर साठवायची जागा) एकीकडे आणि दुकानाचा फलक (गिऱ्हाइकाला दिसणारी साइट) दुसरीकडे. फलक एपीआयमार्फत, म्हणजे दोघांमधल्या निरोप्याकरवी, वहीतून दर मागून घेतो. एकाच वहीतून वेबसाइट, मोबाइल ॲप, दुकानातला स्क्रीन अशा चार ठिकाणी दर पुरवायचे असतील तर हे उत्तमच. तुमचं ठिकाण एकच. आणि हे दोन शब्द एकमेकांचे वैरीही नाहीत. हेडलेसमधला मजकूर घेऊन स्टॅटिक पानं बनवणं आमच्याकडे नेहमीचंच आहे. उद्या व्याप वाढला तर तिकडे जाता येईल.

मी हे इतक्या कळकळीने सांगतोय, त्याला कारण आहे. फोंड्याकडच्या एका मसाला बागेची हेडलेस साइट माझ्याकडे दुरुस्तीला आली होती. ती बनवणारा मुलगा नोकरीसाठी परराज्यात गेलेला. चतुर्थीच्या तोंडावर मालकीणबाईंनी जायफळाचा दर बदलला, ‘पब्लिश’ दाबलं, साइटवर मात्र जुनाच दर. मजकूर बदलल्यावर पान नव्याने बांधायला सांगणारा वेबहुक बंद पडला होता आणि होस्टिंगचं (साइट जिथे ठेवलेली असते त्या जागेचं) खातं त्या मुलाच्या ईमेलवर. दिलेला शब्द मोडायचा नाही म्हणून बाई चार दिवस जुन्या दराने माल देत राहिल्या. त्यांचा तो चेहरा मी विसरलेलो नाही.

तुमचंही खरं काम दर बदलण्याचंच. काजूच्या डब्ल्यू १८०, २४०, ३२० या प्रतींचे दर वेगळे (एका पौंडात साधारण तितके अख्खे गर बसतात, म्हणून आकडा लहान तितका गर मोठा), त्यात हंगामात ते हलतात. तेव्हा २५ हजारवाल्याला एकच विचारा : दर मी स्वतः बदलू शकेन का? डेकॅप सीएमएससारखं फुकट साधन जोडलं की फॉर्ममध्ये आकडा भरायचा, सेव्ह करायचं, थोड्या वेळात पान नव्याने तयार. ‘दर वेळी मला फोन करा’ म्हणाला, तर ते २५ हजारही देऊ नका. ऑर्डरसाठी व्हॉट्सॲपचं बटण पुरेल. माल किती शिल्लक आहे हे आपोआप दाखवायचं असेल तर मात्र वेगळी सोय जोडावी लागेल. एवढ्या दुकानाला त्याची घाई नाही.

डोमेन (साइटचा पत्ता) आणि होस्टिंगची खाती तुमच्याच ईमेलवर उघडायला लावा. शेवटचा हप्ता देण्याआधी त्याला दुकानात बोलवा, त्याच्यासमोर तुमच्या हाताने डब्ल्यू ३२० चा दर बदला आणि घरातल्या कुणाच्या तरी फोनवर साइट उघडून बघा. नवा आकडा दिसला की पैसे द्या.